पाणथरी काढावी की ठेवावी?

एरवी मी तुमच्याशी धानावरच्या तुडतुड्याविषयी नाहीतर माती परीक्षणाविषयी बोलतो. आजचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी पदवीधर आहे. पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी हा प्रश्न उभा राहिला आणि दोन वर्षे आम्ही सगळे त्यातच होतो. त्या काळात जे डॉक्टरांकडून ऐकले, विचारून विचारून समजून घेतले, ते तुमच्या कानावर घालावे असे वाटले. कारण विदर्भात आणि खानदेशात, गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत, असा एकही तालुका नसेल की जिथे हा आजार असलेले घर नाही.

आपल्या डाव्या बरगडीच्या आत, जठराच्या बाजूला, मुठीएवढा जांभळट रंगाचा एक अवयव असतो. त्याला आपण पाणथरी म्हणतो, पुस्तकात प्लीहा म्हणतात आणि दवाखान्यात स्प्लीन. मोठ्या माणसात तिचे वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. निरोगी माणसाच्या पोटावरून हात फिरवला तर ती सहसा हाताला लागत नाही. तिचे काम तुम्हाला सांगायला फार वेळ लागणार नाही. तुमच्यापैकी अनेकांकडे ठिबक आहे. विहिरीच्या पाण्यातला गाळ, शेवाळ नळ्यांत जाऊ नये म्हणून आपण तोंडाशी गाळणी बसवतो. पाणथरी ही रक्ताची गाळणी आहे. म्हाताऱ्या झालेल्या, मोडलेल्या तांबड्या पेशी ती अडवून मोडीत काढते, आणि रक्तात घुसलेले काही जातींचे जंतूही तिथेच पकडले जातात. ही दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा निर्णय तिच्यावरच अडतो.

आता गाळणीत येणारे पाणीच जर कायम गढूळ असेल तर काय होईल? सिकलसेल या आजारात तेच होते. निरोगी तांबडी पेशी गोल, लवचिक असते आणि साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी प्राणवायू कमी पडला की वाकडी होते, आपल्या विळ्यासारखी. ताठ होते आणि दहा-वीस दिवसांत मोडते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरूनच हे नाव. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील लोकांत सापडला. या विळ्याच्या पेशी पाणथरीत अडकत राहतात, पाणथरी तुंबते, सुजते, वाढते. मग ती इतकी मोठी होते की चांगल्या पेशीही पकडून मोडू लागते. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या बिंबिकाही कमी.

आफ्रिकेतल्या मुलांत ही पाणथरी चार-पाच वर्षांच्या आतच आतल्या आत वाळून जाते असे डॉक्टर सांगतात. आपल्या मध्य भारतातल्या रुग्णांत मात्र आईच्या पोटात असतानाचे हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते. त्यामुळे आपल्याकडे आजार पुष्कळदा थोडा सौम्य असतो आणि पाणथरी पुष्कळ वर्षे जिवंत आणि वाढलेली राहते. म्हणजे आपल्या पोरांना तिचा फायदाही जास्त दिवस आणि त्रासही जास्त दिवस.

हिराकसाची चूक

माझी बहीण चंद्रपूर जिल्ह्यात, झाडीपट्टीत दिली आहे. चार एकर धानाची बांधी, एक बैलजोडी, दोन मुले. धाकटी मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या हातापायाची बोटे सुजायची आणि ती रात्रभर रडायची. कोणी वात म्हणाले, कोणी नजर म्हणाले. पोरगी पांढरीफटक, डोळे पिवळसर. मी दिवाळीला गेलो तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, पोरगी कोमेजली रे. अंगात रक्तच नाही तिच्या."

मी काय केले सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. संत्र्याचे पान पिवळे पडले, शिरा हिरव्या राहिल्या की आम्ही लोहाची कमतरता म्हणतो आणि हिराकस फवारायला सांगतो. तोच हिशोब मी पोरीला लावला. तालुक्याच्या गावाहून लोहाच्या औषधाच्या तीन बाटल्या आणल्या आणि रोज दोन चमचे द्या म्हणून सांगून आलो. वीस-पंचवीस वर्षे लोकांना "आधी मातीची तपासणी, मग खत" असे सांगणारा माणूस मी! सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते लोह नाही म्हणून नव्हे, तर पेशी लवकर मोडतात म्हणून. मोडलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते. त्यात रक्त चढवावे लागले तर प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह आणखी आत जाते आणि शरीराला ते बाहेर टाकण्याची वाटच नाही. ते यकृतात, हृदयात साचते. तपासणीत लोह कमी आहे असे दिसल्याशिवाय अशा मुलांना लोहाचे औषध देऊ नये. या मुलांना लागते ती फॉलिक ॲसिडची गोळी, कारण नव्या पेशी सतत घडवाव्या लागतात.

तीन वर्षांची झाल्यावर आशाताईंनी तिला उपकेंद्रात नेले. तिथे आधी विद्राव्यतेची साधी चाचणी झाली, ती सदोष निघाली म्हणून जिल्ह्याला पक्की तपासणी झाली आणि सिकलसेल निघाला. माझ्या बाटल्या बहिणीने गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतल्या. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

रोवणीच्या दिवसांतली ती दुपार

२०२१ चा जुलै. रोवणी चाललेली. पोरगी पाच वर्षांची. सकाळी धुऱ्यावर खेळत होती, दुपारी झाडाखाली निजली ती उठेना. बहिणीने उचलली तर ओठ पांढरे, छाती धडधडत होती, सारखे पाणी मागत होती आणि पोटाची डावी बाजू दगडासारखी. आदल्या दिवशी पाणथरी दोन बोटे हाताला लागायची, ती बेंबीपर्यंत आली होती. १०८ ची गाडी बोलावली, पण नाल्याला पूर. पोरीला ट्रॅक्टरवर घेऊन वळशाने सडकेपर्यंत नेले. दवाखान्यात हिमोग्लोबिन भरले ३.४. एरवी तिचे साडेसात-आठ असायचे.

याला पाणथरीत रक्त अडकणे म्हणतात. काही तासांत शरीरातले बरेच रक्त त्या एका अवयवात साचते आणि मूल घरातल्या घरात रक्तस्राव झाल्यासारखे जाते, बाहेर थेंब न सांडता. उपाय एकच, ताबडतोब रक्त. तेही बेताने, कारण अडकलेले रक्त पाणथरी नंतर सोडते आणि मग एकूण रक्त फार घट्ट होते. दोन दिवसांत पोट मऊ झाले, पोरगी उठून बसली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बहिणीला एक गोष्ट शिकवली आणि ती मी इथे मुद्दाम लिहितो. मुलाला उताणे निजवून गुडघे थोडे वर घ्यायला सांगा. उजव्या हाताची बोटे सपाट ठेवून बेंबीच्या खालून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवा, दाबू नका. बरगडीखाली किती बोटे पाणथरी लागते ते बघा. रोजची सवय झाली की फरक लगेच कळतो. एकाएकी वाढली, सोबत पांढरेपणा, धाप, सुस्ती असेल तर उद्यावर ढकलायचे नाही. बहीण दूध काढून झाले की रोज पोरीचे पोट बघायची. तिच्या हातालाच यंत्र बसले म्हणा ना.

त्याच वेळी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झाले. हे पूर्वीपासून कर्करोगासाठी वापरतात, म्हणून गावात कोणी कागद वाचून "पोरीला कॅन्सरची गोळी देतात" असा बोभाटा केला. तसे काही नाही. हे औषध गर्भातल्या जातीचे हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते, दुखण्याचे झटके कमी येतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. मात्रा वजनावर ठरते, बहुधा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते, कारण पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर औषध काही दिवस थांबवावे लागते. कॅप्सूल उघड्या हाताने फोडू नये, हाताळून झाले की हात साबणाने धुवावेत, गर्भार बाईने तर त्याला हातच लावू नये. तरुण जोडप्याला मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना जशा वाचता तशाच या वाचा.

औषधाने पोरीचे हातपाय दुखणे खरेच कमी झाले. पण पाणथरी काही हटली नाही. कोणाची लहान होते, कोणाची तशीच राहते. २०२३ च्या जानेवारीत दुसरा झटका आला, पहिल्याइतकाच जोराचा. या वेळी रस्ता कोरडा होता म्हणून पोरगी वाचली असे मी समजतो.

दोन डॉक्टर, दोन मते, एक घर

आता खरा प्रश्न. एका शल्यचिकित्सकांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, काढून टाका, आठवडाभरात तारीख देतो. बहीण लगेच तयार. दोनदा तिने पोरीला हातातून जाताना पाहिले होते. जावईबापूंचा मात्र ठाम नकार. ते म्हणाले, "देवानं दिलेला अवयव आहे. कापून फेकला की परत थोडाच बसवता येते?" सासूबाईंनी तिसरेच काढले, एका भगताकडे नेऊन पोटावर डाग द्यावा. हे आपल्याकडे अजून चालते, मेळघाटात तर तान्ह्या लेकरांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात. कातडी जळते, जखम चिघळते आणि पाणथरी होती तिथेच राहते. त्या म्हातारीवर मी जरा मोठ्यानेच ओरडलो. तसे करायला नको होते, नंतर पाया पडलो.

मी पोरीला घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी हो किंवा नाही असे काहीच आधी म्हटले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. झटके किती आले आणि किती महिन्यांच्या अंतराने? वर्षभरात रक्ताच्या किती पिशव्या लागल्या? जेवताना चार घासांत पोट भरते का? शाळा किती बुडते? बिंबिका किती आहेत? दवाखाना किती लांब आणि पावसाळ्यात रस्ता चालू असतो का? शेवटचा प्रश्न असा होता की आईकडून रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे, एक गोळी चुकता देणे होईल का?

मग त्यांनी तराजूच्या दोन्ही बाजू मांडल्या. पाणथरी ठेवली तर पुन्हा रक्त अडकण्याचा धोका आहे, आणि एकदा जोराचा झटका आला की पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. दर महिन्याला रक्त चढवत राहून वेळ काढता येतो, पण लोह साचते, आणि वारंवार परके रक्त मिळाल्याने शरीर त्याच्याविरुद्ध द्रव्ये तयार करते, मग जुळणारे रक्त मिळणे कठीण होते. लहान लेकरांत पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत वेळ काढायला ही वाट वापरतात. काही ठिकाणी पाणथरीचा तुकडा शिल्लक ठेवूनही शस्त्रक्रिया करतात.

पाणथरी काढली तर रक्त अडकणे संपले, पेशी फुकट मोडणे बरेच कमी झाले, पोट हलके झाले. पण मघाशी मी जे लक्षात ठेवायला सांगितले ते इथे आडवे येते. गाळणीच काढली तर जंतू कोण अडवणार? न्यूमोनियाचा आणि मेंदूज्वराचा जंतू पाणथरी नसलेल्या शरीरात इतक्या झपाट्याने वाढतो की सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत जीव घेऊ शकतो. हा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक आणि लहान मुलांत सर्वांत अधिक, पण तो जन्मभर राहतो. म्हणून शक्यतो पाच वर्षांच्या आत पाणथरी काढत नाहीत. हिवताप झाला तर तोही जोरात होतो. आणि एक गैरसमज काढून टाका. पाणथरी काढली म्हणजे सिकलसेल गेला असे नाही. पेशी विळ्याच्याच राहतात, हातपाय दुखण्याचे झटके येतच राहतात.

आजार मुळापासून जाण्याचा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या हाडातल्या मगजाचे रोपण. त्यासाठी बहुधा सख्ख्या भावंडाचा मगज जुळावा लागतो, तो जुळण्याची शक्यता चारात एक. खर्च लाखांत आणि त्यातही जिवाचा धोका आहेच. आम्ही तिच्या थोरल्या भावाची तपासणी केली. जुळला नाही.

डॉक्टरांचे मत पडले की दोन मोठे झटके, वय साडेसहा, गाव लांब, तेव्हा काढलेली बरी. पण आठवडाभरात नाही. जावईबापूंनी तिथे पहिल्यांदा तोंड उघडले. "साहेब, काढायचीच तर उशीर कशाला?" उशीर लशींसाठी. पाणथरी असतानाच लस टोचली तर शरीर तिला चांगले उत्तर देते, म्हणून शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी लसी पूर्ण व्हाव्या लागतात. न्यूमोनियाची एक लस आता बाळांच्या सरकारी लसीकरणात आहे, देशभर ती २०२१ मध्ये आली. पण आमची पोरगी त्याआधीची, तिला ती मिळालीच नव्हती. ती दिली, तिच्यानंतर आठ आठवड्यांनी न्यूमोनियाचीच दुसऱ्या प्रकारची, आणि मेंदूज्वराची, विषमज्वराची. सगळे मिळून अडीच महिने. तेवढ्या काळात झटका येऊ नये म्हणून दोनदा रक्त चढवले. सरकारी रक्तपेढीतून सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य देण्याचे धोरण आहे, तेव्हा पैसे मागितले तर विचारा.

ज्यांनी आठवडाभरात तारीख देऊ केली होती त्यांचा हात वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण लशीचा शब्द त्यांनी काढला नाही आणि आम्हालाही ठाऊक नव्हता. तुम्हाला आता ठाऊक झाला.

त्याच गावातला दुसरा

इथे थांबून मी त्याच गावातल्या एका पोराची गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही सगळे पाणथरी काढायला निघाल. बावीस वर्षांचा मुलगा, घरची धानाची शेती, स्वतः ट्रॅक्टर चालवतो. त्यालाही सिकलसेल. त्याची पाणथरी बरगडीखाली पाच बोटे, म्हणजे आमच्या पोरीपेक्षा मोठी. आमच्या पोरीचे ठरले हे ऐकून त्याचा बाप त्यालाही घेऊन त्याच रुग्णालयात गेला. डॉक्टरांनी सगळे तपासले आणि सांगितले, राहू द्या. कारण त्याला एकदाही रक्त अडकण्याचा झटका आलेला नव्हता, हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे नऊच्या आसपास टिकून होते, बिंबिका पुरेशा होत्या, जेवण व्यवस्थित. नुसती मोठी आहे म्हणून काढायची नसते, ती करते काय हे बघायचे असते. त्याला हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी एवढेच.

मात्र मोठी पाणथरी पोटात असेल तर एक सांभाळावे लागते. ती बरगडीच्या आडोशाबाहेर आलेली असते. बैलाचे शिंग, सायकलचा दांडा, कबड्डीतला गुडघा, बैलबंडीवरून पडणे, यांनी ती फाटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. त्या पोराने कबड्डी सोडली, बैल नांगराला जुंपायचे काम धाकट्याकडे दिले. त्याची आई सांगते की त्याला याचेच जास्त वाईट वाटले.

शस्त्रक्रिया आणि नंतर

एप्रिलच्या शेवटी, उन्हाळी कामे उरकल्यावर शस्त्रक्रिया झाली. आधी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत का ते पाहिले. सिकलसेलमध्ये पेशी मोडत राहिल्याने लहान वयातही खडे होतात आणि असतील तर त्याच भुलीत पित्ताशयही काढता येते. तिला नव्हते. हिमोग्लोबिन रक्त देऊन दहाच्या जवळ आणले, कारण भुलीत प्राणवायू, पाणी किंवा ऊब कमी पडली तर पेशी एकदम वाकतात. दुर्बिणीतून झाले, पोटावर चार लहान खुणा. सहाव्या दिवशी घरी. खर्चाबद्दल विचाराल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले प्रकरण बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा, नंतर नव्हे. बैलजोडी विकायचे जावईबापूंच्या मनात होते, ते टळले.

आता घरात काय पाळतात ते सांगतो. पेनिसिलीनची गोळी सकाळ-संध्याकाळ. ती चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असते, म्हणजे विसर पडत नाही. ताप १०१ च्या वर गेला तर घरगुती काढा नाही, गावातले इंजेक्शन नाही, थेट मोठा दवाखाना. आणि तिथे गेल्यावर पहिले वाक्य हे की "पोरीला पाणथरी नाही." तसे लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवलेला आहे, गुरुजींनाही दाखवला आहे. मच्छरदाणी बारा महिने. कुत्रा चावला तर आपण रेबीजची सुई घेतोच, पण पाणथरी नसलेल्याला कुत्र्याच्या लाळेतल्या दुसऱ्या एका जंतूपासूनही मोठा धोका असतो. म्हणून जखम साबणाने भरपूर धुवून त्याच दिवशी डॉक्टर, ओरखडा असला तरी.

२०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री ताप चढला. बहिणीने गाडीची वाट पाहिली नाही, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून नेले. चार दिवस शिरेतून औषध लागले. रक्तात जंतू सापडला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आले नसते. हे मी यासाठी लिहितो की शस्त्रक्रियेने एक भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. आम्ही निवडली ती दुसरी, कारण तिच्यासाठी निदान काहीतरी करून ठेवता येते. पण जावईबापू चूक होते असे मी अजूनही म्हणत नाही.

दुखण्याचे झटके आहेतच, पण वर्षाला एक-दोन. हिमोग्लोबिन साडेआठ-नऊ. थंडीत पहाटे पाण्यात हात घालू देत नाहीत, उन्हात सारखे पाणी पाजतात. चौथीत गेली.

दुसरा आजार, दुसरा हिशोब

पाणथरी वाढणे हे रोगाचे नाव नाही. हिवतापाने वाढते, यकृत खराब झाले तरी वाढते. तिथे मूळ रोगाला औषध. रक्ताच्या जुनाट आजारांतही हिशोब निरनिराळे आहेत. थॅलेसेमियाच्या मुलाला नियमित पुरेसे रक्त मिळाले तर पाणथरी फारशी वाढत नाही. वर्षभरात किलोमागे २०० ते २२० मिलिलिटरच्या वर तांबड्या पेशी लागू लागल्या, म्हणजे वीस किलोच्या मुलाला चार लिटरहून जास्त, की मग शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यात पुढे शिरांत गुठळ्या होण्याची भीती अधिक असते. मोठ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या आणि पाणथरी बेंबीला लागली असा एक जुनाट रक्ताचा कर्करोग आहे. त्याला २००१ पासून इमॅटिनिब नावाची गोळी आहे, ती नियमित घेतली तर पाणथरी आपोआप उतरते, कापाकापी लागत नाही. उतारवयात हाडातला मगज वाळून तंतुमय होतो आणि रक्त घडवण्याचे काम पाणथरी अंगावर घेते, असाही एक आजार आहे. तिथे ती काढणे फार धोक्याचे, रक्सोलिटिनिबसारख्या महाग गोळ्यांनी ती लहान करतात, पण त्यानेच हिमोग्लोबिन उतरू शकते. तेव्हा माझ्या भाचीचे वाचून आपल्या घरातल्या वेगळ्या आजाराचा निर्णय करू नका. रोगाचे नाव कागदावर लिहून घ्या, मग पुढचे.

गुलबक्षीचे फूल

एक राहिले. कॉलेजात आम्हाला गुलबक्षीचे उदाहरण शिकवायचे. लाल गुलबक्षी आणि पांढरी यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी फुले गुलाबी. त्या गुलाबीचा गुलाबीशी संकर केला की चारात एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे. माझी बहीण आणि जावईबापू दोघेही गुलाबी. म्हणजे सिकलसेलचे वाहक. वाहकाला आजार नसतो, तो नांगर धरतो, शंभर किलोचे पोते उचलतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. पहिले निरोगी झाले म्हणून दुसरे होईलच असे नाही, प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. यात बाईचा एकटीचा दोष कधीच नसतो. हे मी सासूबाईंना तीनदा समजावले, तिसऱ्यांदा पटले.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. तेव्हा आशाताई बोट टोचायला आल्या तर पळू नका. लग्न ठरवताना पत्रिका बघता तशी ही चिठ्ठीही बघा. बहिणीचा थोरला मुलगा वाहक निघाला आहे. तो आताच सांगतो, "मामा, मुलगी बघायला तूच ये, पण आधी तिचा रिपोर्ट." वाहक मुलीशी लग्न करूच नये असे नाही, पण मग गर्भारपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांकडे जाऊन गर्भाची तपासणी करता येते, हे दोघांना माहीत असावे.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात आले आहेत, त्याचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयात तपासून मिळते. एस.टी.च्या प्रवासात सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, नियम आगारात विचारा.

बहिणीच्या घरी भिंतीवर सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. त्यांच्याखाली तिने भाचीच्या न्यूमोनियाच्या लशीची पुढची मात्रा लिहून ठेवली आहे, एप्रिल २०२८. घराला चुना मारायचा होता तेव्हा तेवढा चौकोन सोडून मारला.